सहा गाठींची बाराबंदी

परवा नातवाच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. त्याला मावळ्याचं काम मिळालं, म्हणून सूनबाईने सात रस्त्याजवळच्या दुकानातून भाड्याने बाराबंदी आणली. पांढरीशुभ्र, इस्त्री केलेली. मी सहज हातात घेतली आणि सवयीने पहिला बंद ओढला, तर तो सुटून माझ्या हातातच आला. नुसता शोभेचा! आतून टिचबटणं लावलेली आणि वरून बारा चिंध्या टाचलेल्या. "आजी, एका मिनिटात घालता येते बघ," असं म्हणत नातवाने टप टप टप करून ती घातलीसुद्धा. सूनबाई म्हणाली, "बरं आहे ना, गाठींची कटकट नाही." मी म्हटलं, "हो, बरं आहे." म्हातारपणी माणसाने बरं आहे म्हणायला शिकावं, घरात शांतता राहते.

पण त्या दिवशी माझी बोटं काही स्वस्थ बसेनात. दुपारी आडवी झाले तरी अंगठा आणि तर्जनी आपली एकमेकांवर घासत होती, काहीतरी वळत असल्यासारखी. आणि मग नाकात तो वास आला. कोऱ्या मांजरपाटाचा, खळीचा, किंचित आंबूस. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तो वास मला भेटला नव्हता, आणि आला तो थेट आमच्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत घेऊन गेला.

सन तीसच्या पुढची ती वर्षं. मी अकलूजहून लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सोळा वर्षांची होते. शिंप्याची मुलगी शिंप्याच्याच घरी पडली, त्यामुळे सुई-दोरा काही नवा नव्हता. नवा होता तो भोंगा. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की मी दचकून उठून बसायची, आणि हे हसायचे. हे पाळीला निघून गेले की घरात उरायचो आम्ही दोघं, मी आणि मामंजी. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. म्हणून त्यांची चूल माझ्याकडे आली, आणि त्यांचे बंदही.

बंद म्हणजे बाराबंदीचे. सोलापुरात संक्रांतीला सिद्धरामेश्वराची जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. त्या जत्रेत सात नंदीध्वज निघतात. नंदीध्वज म्हणजे घराच्या माळवदाच्याही कितीतरी वर जाणारी उंच काठी, सजवलेली, जड. ती एकटा माणूस कमरेच्या पट्ट्यात रोवून, दोन्ही हातांनी तोलत चालवतो. थकला की दुसरा पुढे होतो. आणि या काठी धरणाऱ्यांचा पोशाख एकच, पांढरं धोतर आणि पांढरी बाराबंदी. जुन्या काळचा अंगाबरोबर बसणारा अंगरखाच तो, एक पल्ला दुसऱ्यावर घ्यायचा आणि बंदांनी बांधायचा. बारा बंद म्हणजे सहा जोड्या, सहा गाठी. दोन आतल्या पल्ल्याच्या, चार वरच्या.

मार्गशीर्ष लागला की आमच्या खोलीत पांढऱ्या कापडाशिवाय काही दिसत नसे. मामंजी कापत, मी बंद करी. दोन बोटं रुंदीची पट्टी उलट्या बाजूने शिवायची, मग सुईत दोरा ओवून पट्टीच्या टोकाला पक्का करायचा, आणि सुई बोथट बाजूने त्या बारीक नळीतून सोडून पलीकडून ओढून काढायची. बंद आतून बाहेर येताना आधी येतच नाही. मग एकदम, पापणी लवते न लवते तोच, सरसर येतो. हा क्षण मला इतका आवडायचा की मी कधीकधी चूल विसरायची. भाकरी करपल्याचा वास आला की मामंजी कात्री न थांबवता म्हणत, "बंद सरळ झाला वाटतं आमच्या सूनबाईचा!"

मामंजी बोलायला तिरकस, पण कामाला बसले की देवळात बसल्यासारखे. मशीन होतं घरात. बाराबंदीला ते कधी लावलं नाही. "मशीन सरळ जातंय, मानूस सरळ न्हाय," एवढंच म्हणत. बगलेत बसवायच्या चौकोनी तुकड्याला, चौबगल्याला, ते अर्धा दिवस देत. तो तुकडा दिसत कुणालाच नाही. पण तो नीट बसला तरच माणसाचा हात वर जातो, आणि काठी हातावरच तोलायची असते.

आणि त्यांची माप घ्यायची तऱ्हा! टेप त्यांनी खुंटीला टांगून ठेवला होता, शोभेला. माप घेत ते दोऱ्याने, दोऱ्याला गाठी मारून. पण त्याआधी गिऱ्हाइकाला सांगत, "तो हंडा उचल." पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्याचा हंडा कोपऱ्यात तयारच असे. भलाभला गडी तो छातीशी कवटाळून उभा राही, मान लालबुंद, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, आणि मामंजी सावकाश, अगदी सावकाश त्याच्याभोवती दोरा फिरवत. कुणी कुरकुरला तर ठरलेलं उत्तर, "रिकाम्या छातीचं माप घेऊन काय करू? काठी काय रिकाम्या छातीनं उचलनार हाय व्हय?" मी दाराआडून बघायची. माणसाच्या अंगात श्वास मावतो तेवढी जागा कापडात सोडायची, ना बोटभर कमी ना बोटभर जास्त, हे ज्याला कळलं त्याला मी तेव्हा देवाच्या खालोखाल मानायची. आजही मानते.

त्या वर्षी मल्लप्पा आले ते हंडा उचलायला नव्हे. ते आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

मल्लप्पा आमच्या मागच्या गल्लीतले. वाणी-लिंगायतांचं घर, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागात दोन्ही. उंचापुरा माणूस, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. वीस वर्षं काठी धरत होते ते. मी आल्यावरच्या पहिल्याच गड्ड्यात त्यांना पाहिलं होतं. एवढा गलका, हलग्या, नुसता धुरळा, आणि त्यात हा माणूस मान वर करून फक्त काठीच्या टोकाकडे बघत, पाण्यातून चालावं तसा चाललेला. मी तोंडावर पदर घेऊन रडले होते, का ते मला आजवर सांगता आलेलं नाही.

आता त्यांचा उजवा हात उपरण्यात गुंडाळलेला होता. श्रावणात गिरणीत त्यांची चार बोटं गेली. कसं झालं ते आम्ही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्यांनी उपरणं सोडून हात पुढे केला. अंगठा तेवढा राहिला होता, आणि तळवा.

"मामा," ते म्हणाले, "काठी मी उचलतो. तळव्यावर तोल बरूबर ऱ्हातोय, म्हैनाभर सराव क्येला. पन दोड्डप्पा आयकंना."

दोड्डप्पा म्हणजे त्यांचे थोरले चुलते. ऐंशीच्या घरातले, एके काळचे नावाजलेले काठीवाले. त्यांच्या घरात एक रीत होती, गावाची नव्हे, त्यांच्या घराचीच. ज्याची बाराबंदी त्याने स्वतः बांधायची, बायकोने नाही, भावाने नाही. दोड्डप्पांनी भर अंगणात सांगितलं होतं, "ज्याला सोताची गाठ मारता येत न्हाय, त्यानं काठीला हात लावायचा न्हाय." मला ते ऐकून म्हाताऱ्याचा भारी राग आला. मामंजी म्हणाले, "राग कशाला? काठी पडली तर गावाचं काळीज पडतंय. म्हातारा भ्यालाय."

मल्लप्पा अजून उंबऱ्याबाहेरच होते. "एवडी एक बाराबंदी अशी शिवा मामा, की मला एका हातानं बांदता यील," ते म्हणाले. "न्हायतर मी जत्रंच्या वक्ताला गावात ऱ्हात न्हाय. कुंभारीला पावन्याकडं जाऊन बसतो." एवढं बोलून त्यांनी हात पुन्हा उपरण्यात घेतला, आणि तो गुंडाळायला त्यांना जो वेळ लागला तो आम्हा दोघांना बघवेना.

ते गेल्यावर मी घाईघाईने माझी अक्कल पाजळली. "मामंजी, आतून आकडे लावूया. पोलक्याला लावतात तसले. वरून बंद नुसते टाचायचे. कुनाला कळतंय?"  मामंजींनी कच्ची शिवण घालून एक बाराबंदी उभी केली, छातीवर दोन आकडे बसवले, आणि दुसऱ्या दिवशी मल्लप्पांना बोलावून ती चढवली. एका हाताने आकडे लागले. मी आत हरखले. मग मामंजी म्हणाले, "हंडा उचल." मल्लप्पांनी तळवा आणि डाव्या हाताची बोटं लावून हंडा उचलला, छाती भरली, आणि वरचा आकडा सरळ होऊन टण्णदिशी पितळेच्या डब्यावर आपटला.

"ह्ये काय हुतं?" मल्लप्पांनी विचारलं.

"आकडा," मामंजी म्हणाले. "आमच्या सूनबाईची युगत."

मल्लप्पांनी हंडा खाली ठेवला. माझ्याकडे वळून, पण न रागावता, ते म्हणाले, "बेडा, यव्वा. नको, बाई. सिद्धरामाच्या लग्नाला जायचं, आन् अंगावर खोटी गाठ?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवाचं लग्न असतं त्या जत्रेत, अक्षता पडतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी विचार केला तो कापडाचा, आणि त्यांनी केला तो देवाचा.

कापडी गुंडी आणि फासा हाही एक जुना प्रकार असतो. मामंजींनी तोही करून पाहिला. गुंडी तुटली नाही, पण फासा तिला सोडीना. पल्ला ताणला की गुंडी एका ठिकाणी ओढ घेई आणि बाकीचं कापड चुण्या पाडी. मामंजींनी ती उसवून टाकली. "बंद श्वासाबरूबर सरकतोय," ते म्हणाले. "बाकी समदं अडून बसतंय. बंदच पायजे."

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली. मी त्यांच्याबद्दल दुसरं काहीच सांगितलं नाही आणि एवढंच सांगितलं, तरी पुरेल. त्यांनी माझ्याकडून स्वतःची उजवी मूठ फडक्यात करकचून बांधून घेतली, अंगठा तेवढा बाहेर. शिंप्याचा उजवा हात! मार्गशीर्षातल्या गर्दीच्या दिवसांत! आणि स्वतःच्या जुन्या बाराबंदीवर ते गाठ मारायला बसले. त्या दिवशी ते तसेच जेवले, डाव्या हाताने, भाकरी मोडताना धडपडत. मला आधी हसू आलं. मग शेंगाची चटणी वाढायला वाकले तर त्यांच्या कपाळावर घाम होता, ऐन थंडीत. माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

तीन दिवस ती मूठ तशीच होती. एक बंद दातात धरायचा, दुसरा डाव्या हाताने त्याच्याभोवती फिरवायचा, अंगठ्याने दाबायचा, ओढायचा. गळ्याजवळची गाठ पहिल्याच दिवशी जमली. छातीवरची दुसऱ्या दिवशी. पण खालच्या, पोटाकडच्या गाठी काही केल्या जमेनात. हनुवटी छातीत रुतेपर्यंत ते मान वाकवत, आणि तरी बंदाचं टोक ओठांपासून दूरच राही. म्हातारा माणूस ओठ पुढे काढून त्या टोकाकडे झेपावतोय, आणि टोक काही हाती लागत नाही, म्हणजे दाती लागत नाही. मी भांडी घासताना हे बघत होते. हातातली राख तशीच घेऊन उठले आणि म्हटलं, "मामंजी, बंद आखूड हायत."

"वीतभर बंदाची रीत हाय."

"रीत दोन हातांची हाय की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, आता बोलणी बसणार. मग ते म्हणाले, "दोरा आन." मी दोऱ्याचं एक टोक त्यांच्या कमरेशी धरलं, दुसरं त्यांनी दातात. एक हात आणि चार बोटं भरली. मामंजी फडक्यात बांधलेल्या मुठीने माझ्या डोक्यावर हलकेच ठोकून म्हणाले, "सासू असती तर आज तुला जिलबी केली असती तिनं."

हातभर लांब बंद उलटणं म्हणजे काय असतं ते मला त्या आठवड्यात कळलं. वीतभराची नळी सरसर यायची. ही मध्येच रुसून बसे. कापड आत गोळा होई, दोरा तुटे, की पुन्हा पहिल्यापासून. एका बंदाला अर्धी दुपार. खिडकीतून ऊन सरकत माझ्या मांडीवर येई, रस्त्यावरून हुरड्याची कणसं विकणारीची हाक जाई, तळ्याकडून सरावाच्या हलगीचा आवाज वाऱ्याबरोबर यायचा आणि जायचा. मी नळीतून सुई पुढे ढकलत बसलेली. बारावा बंद उलटला तेव्हा माझ्या दोन्ही अंगठ्यांना फोड होते आणि मी घरभर नाचले होते. कुणी बघत नव्हतं म्हणून सांगते.

मल्लप्पा रोज संध्याकाळी येऊन सराव करत. एक अडचण होती. सुरगाठ, म्हणजे ओढली की सुटते ती फुलगाठ, त्यांना जमेना. तिला दोन्हीकडे बोटं लागतात. दाताने पडे ती निरगाठच, घट्ट. "पडू दे की," मामंजी म्हणाले. "गाठ पडल्याशी मतलब." आम्ही तिघंही अगदी खुशीत होतो.

जत्रेच्या पहिल्या दिवशी सकाळी मामंजी मला मल्लप्पांच्या अंगणात घेऊन गेले. गावातल्या लिंगांच्या तैलाभिषेकाला काठ्या निघायच्या होत्या. आम्ही बायका ओट्यावर, पुरुष खाली. अंगण सारवलेलं, रांगोळीत तेलाचे थेंब पडलेले, आणि मध्यभागी पाटावर दोड्डप्पा, डोळ्यांवर हात धरून. मल्लप्पा न्हाऊन आले. त्यांनी बाराबंदीत हात घातले. बारा लांबलचक बंद लोंबत होते, खालचे तर गुडघ्यांपर्यंत, आणि कुणीतरी पोरगं फिस्सकन हसलं. त्याला कुणीतरी टप्पल मारली.

आतल्या दोन गाठी आधी. मल्लप्पांनी बंदाचं टोक दातात धरलं, मान वाकवली. डावा हात एकदा फिरला. अंगठा खाली आला. ओढलं. मी ओट्यावर श्वास धरून उभी होते, आणि शेजारी त्यांची बायको माझा हात इतका आवळून धरत होती की बांगडी पिचली. दोन. तीन. चौथ्याला बंद दातातून निसटला. पुन्हा धरला. पुन्हा निसटला.  एक जण मदतीला पुढे झाला, तशी मामंजींनी आडवा हात घालून त्याला थांबवलं. मल्लप्पांनी डोळे मिटले. या वेळी बंद त्यांनी पुढच्या दातात नव्हे, दाढेत धरला. चार. पाच. सहावीला त्यांच्या मानेची शीर मला ओट्यावरून दिसत होती.

मग ते सरळ उभे राहिले. दोड्डप्पा आधाराची काठी टेकत उठले, जवळ आले, आणि एकेक गाठ बोटाने ओढून पाहिली, पल्ल्याआडच्या दोन्हीसुद्धा. सहाही. लोंबणारी टोकं त्यांनी स्वतःच्या हाताने मल्लप्पांच्या कमरेत खोचली. "साकु," ते म्हणाले. पुरे. आणि मग बाकीच्यांकडे वळून, "बघताय काय? काठी द्या त्याला!"

"हर्र बोला हर्र" असा गजर उठला आणि मल्लप्पांनी काठी कमरेला घेतली. मी काठीकडे पाहिलंच नाही. मी पाहत होते त्यांच्या छातीकडे. श्वास भरला तसे वरचे सगळे बंद एकदम तणावले, पल्ला एका रेषेत ताठ बसला, एकही चुणी नाही. श्वास सुटला, बंद सैलावले. पुन्हा भरला. माझ्या हातचं कापड एका माणसाबरोबर श्वास घेत होतं. असं काही जगात असतं हे मला माहीत नव्हतं. काठी गल्लीच्या तोंडाशी गेली, वळली, दिसेनाशी झाली, आणि मी तिथेच उभी. शेवटी मामंजींना परत येऊन म्हणावं लागलं, "चल की घरला, चूल वाट बघतीया."

पुढचे दिवस गड्ड्याच्या धुंदीत गेले. अक्षता पडल्या, होम झाला, शोभेच्या दारूकामाला सगळं गाव तळ्याकाठी लोटलं. मल्लप्पा रोज काठीला होते, असं लोक येऊन सांगत. शेवटच्या दिवशी कप्पडकळी, म्हणजे काठ्यांचा साज उतरवायचा. त्या दिवशी दुपारी मी तीळ पाखडत बसले होते, आणि दारात सावली पडली. मल्लप्पा. अंगावर तीच बाराबंदी. पांढरी म्हणवेना अशी. तेलाचे डाग, धुरळा, दारूच्या धुराचा वास, घामाचा वास. ते आत आले, दार लोटून घेतलं, आणि मामंजींच्या कानाशी वाकून, चोरी सांगावी तसं म्हणाले, "मामा, सुटंना."

"काय सुटंना?"

"गाठी."

मामंजी बोटांवर दिवस मोजू लागले. "पयल्या दिसापास्नं?"

"व्हय. पाच दिस झालं. तशीच अंगात हाय. दोड्डप्पाच्या कानावर जाईल म्हनून घरात कुनाला बोललो न्हाय. बायकोला म्हनलो, नेम हाय माझा."

मामंजींनी कपाळावर हात मारला. "आरं द्येवा! बांदायचं, बांदायचं, म्हैनाभर त्येच! सोडायचं इसरलोच की आमी!" आणि ते मटकन खाली बसून जे हसत सुटले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मल्लप्पाही हसायला लागले, पण त्यांना मोकळं हसताही येत नव्हतं. थुंकीने भिजलेले, मग तेल प्यालेले, मग उन्हात वाळलेले ते बंद पोलादासारखे झाले होते.

मामंजींनी चष्मा लावून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. त्यांना जमेना. कात्री समोरच पडली होती. तिच्याकडे दोघांपैकी एकानेही पाहिलं नाही. मग मामंजींनी हाक मारली, "सूनबाई, दाभन घेऊन ये. तुझं बंद हायत, तूच सोड."

मी पदर सावरला. परक्या पुरुषासमोर मान वर करून उभं राहायची आमच्या घरची रीत नव्हती, आणि मी त्यांच्या छातीशी वीतभर अंतरावर उभी होते. मल्लप्पांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी दाभणाचं टोक पहिल्या गाठीत घातलं, आणि तेव्हा मला ते दिसलं. बंदावर दातांचे वण होते. प्रत्येक बंदावर, कापड चावून चावून विरलेलं. चौथ्या गाठीवर रक्ताचा वाळलेला डाग होता, मसुराएवढा. दाढेत धरला होता तो हाच. मला पुढचं दिसेना, आणि दाभण घसरेल म्हणून डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

बराच वेळ गेला. गाठ हलते, सैल होते, मग धागा धागा करत वाट देते. पाच गाठी झाल्या. सहावी सुटली, पल्ला बाजूला झाला, आणि त्यांनी असा श्वास घेतला की मी दोन पावलं मागे सरले.

"यव्वा," ते म्हणाले, अजून भिंतीकडेच बघत. "फुडच्या साली तूच बांद."

मामंजींचं हसू थांबलं. "आन् दोड्डप्पा?"

"दोड्डप्पानं बघितलं. समद्यांनी बघितलं. मला येतंय, एवडं दाखवायचं हुतं. दाखवून झालं." आणि मग त्यांनी तोंड वळवलं आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. "आता कुनी बांदलं तर लाज न्हाय वाटायची."

त्यानंतर अकरा संक्रांती मल्लप्पांच्या बाराबंदीच्या सहा गाठी मी बांधल्या, भर अंगणात, दोड्डप्पांच्या आणि पुढे त्यांच्या माघारी सगळ्या गल्लीच्या देखत. पहिल्या वर्षी बायका कुजबुजल्या, दुसऱ्या वर्षी गप्प झाल्या. मी जवळ गेले की मल्लप्पा दोन्ही हात बाजूला घेत, हनुवटी वर करत आणि अंगडं घालून घेणाऱ्या पोरासारखे मुकाट उभे राहत. एकदाही त्यांनी खाली वाकून गाठीकडे पाहिलं नाही.